बेडरूममधला कारखाना

२००६ सालच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या एका विधुर गृहस्थांनी घरातल्या संगणकासमोर बसून यूट्यूबवर पहिला व्हिडिओ टाकला. नाव पीटर ओकली, वय एकोणऐंशीला टेकलेलं. खात्याला त्यांनी नाव दिलं होतं जेरियाट्रिक१९२७: आधी म्हातारपणाचा उल्लेख आणि शेजारी जन्मसाल. कानाला हेडफोन लावून ते संथपणे आपल्या आयुष्याच्या गोष्टी सांगत, त्यात युद्धकाळातलं बालपणही येई. काही दिवसांतच त्या वेळच्या साऱ्या यूट्यूबवर सर्वांत जास्त सबस्क्रायबर त्यांचे झाले. २०१४च्या मार्चमध्ये ते गेले, त्याच्या थोडं आधीपर्यंत व्हिडिओ करत होते. त्यांनी सुरुवात केली तेव्हा यूट्यूबकडून कुणाला पैसे मिळण्याची सोयच नव्हती. एक वृद्ध माणूस बोलत होता आणि जगभरातली पोरं ऐकत होती, एवढाच तो व्यवहार.

पुढच्याच वर्षी यूट्यूबने जाहिरातीच्या कमाईत व्हिडिओ करणाऱ्यांना वाटा द्यायला सुरुवात केली. आज मोठ्या लांबीच्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतून आलेल्या शंभर पौंडांपैकी पंचावन्न करणाऱ्याचे आणि पंचेचाळीस कंपनीचे. हा हिशोब सुरू झाला तेव्हाच गप्पांचा धंदा झाला. धंदा म्हटला की त्यात मालक येतो, राबणारे येतात, दलाल येतात, गिऱ्हाईक येतं. ब्रिटनच्या नियमांनी यातलं गिऱ्हाईक तेवढं नीट पाहिलं. बघणाऱ्याची फसवणूक होऊ नये म्हणून त्यांनी बरंच केलं आणि ते योग्यच केलं. पण व्हिडिओ करणारा तरुण, त्याच्यासाठी रात्री जागून एडिटिंग करणारी मुलगी आणि आईबापांच्या कॅमेऱ्यासमोर वाढणारं मूल हे तिघंही काम करत आहेत, हे त्या देशाच्या कायद्याला अजून पुरतं दिसलेलं नाही. हे दिसलं पाहिजे, असं मला ठामपणे म्हणायचं आहे.

माझी भाची लंडनच्या हॅरो भागात वाढली. २०१४च्या नोव्हेंबरच्या अखेरीला मी भावाकडे राहायला गेले होते, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. शाळेतून आली ती दप्तर न काढताच ओरडली, "आत्या, झोईचं पुस्तक आलं!" झोई म्हणजे झोई सग, यूट्यूबवरची झोएला. विल्टशायरमधल्या आपल्या खोलीतून २००९ साली तिने मेकअप आणि कपड्यांबद्दल बोलायला सुरुवात केली होती. २०१२मध्ये तिने स्वतःला येणाऱ्या घबराटीच्या झटक्यांबद्दल एक व्हिडिओ केला आणि तो पाहून हजारो मुलींना आपल्याला काय होतंय याचं नाव कळलं. माझ्या भाचीलाही. मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या 'माइंड' या संस्थेने पुढे झोएलाला आपली डिजिटल दूत केलं. म्हणून मी या मुलीला कधीही उथळ म्हणू शकत नाही.

'गर्ल ऑनलाइन' ही तिची पहिली कादंबरी. पहिल्या आठवड्यात ७८,१०९ प्रती खपल्या. ब्रिटनमध्ये पुस्तकविक्रीची मोजदाद सुरू झाल्यापासून कुठल्याही नवोदित कादंबरीकाराच्या वाट्याला एवढा पहिला आठवडा आला नव्हता. आणि मग दहा-बारा दिवसांतच बातमी आली की पुस्तक तिने एकटीने लिहिलेलं नाही, एका अनुभवी लेखिकेची त्यात मोठी मदत आहे. प्रकाशकांनीही ते मान्य केलं. झोएला काही दिवस इंटरनेटवरून बाजूला झाली. भाची त्या रात्री जेवली नाही. मी तिला समजवायला गेले तेव्हा ती म्हणाली, "आत्या, तिने मदत घेतली याचं काही नाही गं. पण मग आम्हाला सांगायचं ना."

तेरा वर्षांच्या मुलीने जे एका वाक्यात सांगितलं, तेच त्याच आठवड्यांत ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने सांगितलं होतं. 'ओरिओ' बिस्किटांच्या कंपनीने काही लोकप्रिय यूट्यूबरांना पैसे देऊन बिस्किटातलं क्रीम चाटायच्या शर्यतीचे व्हिडिओ करून घेतले होते. डॅन हॉवेल आणि फिल लेस्टर ही त्या काळची लाडकी जोडीही त्यात होती. जाहिरात आहे हे प्रेक्षकाला व्हिडिओ उघडण्याआधी कळलं पाहिजे, गप्पांच्या ओघात कंपनीचे आभार मानले की भागत नाही, असा निर्णय ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटीने नोव्हेंबर २०१४मध्ये दिला. २०१९च्या जानेवारीत स्पर्धा आणि बाजारपेठ प्राधिकरणाने सोळा नामवंतांकडून लेखी हमी घेतली की पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेली पोस्ट यापुढे तशी स्पष्ट सांगितली जाईल. त्या सोळांत गायिका होत्या, मॉडेल होत्या आणि झोएलाही होती. एप्रिल २०२५पासून तर या प्राधिकरणाला कोर्टाची पायरी न चढता थेट दंड करण्याचा अधिकार मिळाला आहे.

हे सगळं हवंच होतं. पण या साऱ्या कागदपत्रांत यूट्यूबर कोण आहे, ते बघा. तो रस्त्याच्या कडेला उभा केलेला जाहिरातफलक आहे. फलकावर काय लिहावं याचे नियम झाले. फलक ऊन-पावसात किती तास उभा राहतो, त्याला पगार कोण देतं आणि एके सकाळी तो उखडून टाकला तर दाद कुठे मागायची, यावर ओळ नाही.

उखडण्याचा प्रकार २०१७मध्ये झालाच, आणि तो लंडनमधूनच सुरू झाला. 'द टाइम्स'ने शोधून काढलं की मोठमोठ्या कंपन्यांच्या आणि खुद्द ब्रिटिश सरकारच्या जाहिराती यूट्यूबवर अतिरेकी प्रचाराच्या व्हिडिओंना चिकटून दिसत आहेत. मार्चमध्ये सरकारने जाहिराती थांबवल्या, 'गार्डियन'ने थांबवल्या, मोठ्या जाहिरातसंस्था बाजूला झाल्या. गुगलच्या युरोपप्रमुखांनी माफी मागितली. पत्रकारितेचं काम म्हणून ते उत्तमच होतं. पण यंत्राने 'जाहिरातीला अयोग्य' ठरवायचे निकष रातोरात कडक केले, तेव्हा अतिरेक्यांशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता अशा हजारो साध्या माणसांची कमाई घसरली. नैराश्याबद्दल बोलणारा, समलिंगी असण्याबद्दल बोलणारा, इतिहासातल्या युद्धांबद्दल बोलणारा, सगळ्यांच्याच व्हिडिओंवर पिवळी खूण दिसू लागली, म्हणजे जाहिराती कमी किंवा बंद. पुढच्या जानेवारीत यूट्यूबने नवी अट घातली: एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलेलं असेल तरच वाटा. लहान चॅनेलवाल्यांचा झराच आटला. यातल्या एकाही निर्णयाआधी त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं तर कुणाला? त्यांची संघटनाच नव्हती. ब्रिटनमध्ये 'द क्रिएटर युनियन' स्थापन झाली ती २०२०मध्ये.

इथून पुढे जे घडलं त्याची साखळी मला महत्त्वाची वाटते. जाहिरातीच्या वाट्याचा भरवसा नाही म्हटल्यावर शहाण्या यूट्यूबरांनी दुकान मांडलं. स्वतःचे कपडे, स्वतःचं पेय, स्वतःचं रेस्टॉरंट. आणि गिऱ्हाईक कोण? तर रोज व्हिडिओ पाहणारी शाळकरी मुलं. २०१७च्या नाताळाआधी झोएलाच्या नावाचं एक कॅलेंडर बाजारात आलं, बारा खिडक्यांमागे बारा छोट्या वस्तू, किंमत पन्नास पौंड. पालक इतके चिडले की औषधं-प्रसाधनं विकणाऱ्या 'बूट्स' दुकानांनी ती किंमत निम्म्यावर आणली. किंमत आपण ठरवली नव्हती, असं ती म्हणाली. २०२२मध्ये ब्रिटिश यूट्यूबर केएसआय आणि अमेरिकेचा यूट्यूबर लोगन पॉल यांनी 'प्राइम' नावाचं पेय काढलं. त्या डिसेंबरात 'आल्डी'च्या दुकानांबाहेर पहाटेपासून रांगा लागल्या, दोन पौंडांच्या आतली बाटली लोक कितीतरी पट भावाने पुढे विकू लागले. माझ्या भावाच्या शेजारचा दहा वर्षांचा मुलगा रिकामी बाटली खिडकीत मांडून ठेवायचा. त्या मुलाच्या खिशातले पैसे आणि त्या यूट्यूबरच्या उद्याच्या भाकरीची काळजी एकाच साखळीच्या कड्या आहेत. कामाला स्थैर्य दिलं नाही की काम करणारा विकायला लागतो, आणि प्रेक्षक मुलं असतील तर मुलांनाच विकतो.

केएसआय, म्हणजे वॉटफर्डचा ओलाजिडे ओलाटुंजी, आणि त्याचे सहा मित्र मिळून 'साइडमेन'. व्हिडिओ गेमचे व्हिडिओ करणारी ही पोरं. त्यांतला शेफिल्डचा विक्रम सिंग बार्न ब्रिटनमधल्या भारतीय घरांत आपलाच वाटतो. २०१३पासून त्यांनी एकत्र काम केलं आणि ८ मार्च २०२५ रोजी त्यांच्या धर्मादाय फुटबॉल सामन्यासाठी लंडनचं वेम्बली मैदान भरलं, नव्वद हजार माणसांनी. ४७ लाख पौंडांहून अधिक देणगी जमली. बीबीसीनंतर ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त पाहिली जाणारी सेवा आता यूट्यूब आहे, आयटीव्ही ही खाजगी वाहिनीही मागे पडली, असं प्रसारण नियामक 'ऑफकॉम'ने त्याच वर्षी जाहीर केलं. म्हणजे हा पोरखेळ राहिलेला नाही. देशातला एक मुख्य उद्योग आहे.

मग लोक विचारतात, एवढे श्रीमंत आहेत, त्यांना कसलं संरक्षण? हा प्रश्न मी मराठी घरांतही ऐकते. ऑल्डरशॉटचा डॅन मिडलटन, मुलांचा डॅनटीडीएम, माइनक्राफ्ट हा व्हिडिओ गेम खेळता खेळता २०१७च्या 'फोर्ब्स'च्या यादीत १ कोटी ६५ लाख डॉलर कमावून पहिला आला होता, ही गोष्ट खरी आहे. पण वेम्बलीवर खेळणाऱ्या कप्तानाची कमाई बघून कुणी तिथल्या गवताला पाणी घालणाऱ्याचा पगार ठरवत नाही. शिखरावरची पाच-पन्नास माणसं सोडा. खाली जो मोठा वर्ग आहे, महिन्याला घरभाडं निघेल न निघेल एवढ्यावर जगणारा, तो कायद्याच्या भाषेत स्वयंरोजगारी आहे. त्याला आजारपणाची रजा नाही, भरपगारी सुट्टी नाही, नोटीस नाही.

आणि यशस्वी असलेल्यांचंही शरीर माणसाचंच असतं. टॉम स्कॉटचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं, कारण तो भाषाशास्त्र शिकलेला आहे आणि त्याचे भाषेवरचे व्हिडिओ मी आवडीने पाहिले आहेत. १ जानेवारी २०१४पासून दर आठवड्याला एक व्हिडिओ, दहा वर्षं, न चुकता. धरणं, पूल, विजेची केंद्रं, कुठल्याशा गावातला विचित्र कायदा. लाल टी-शर्ट घालून तो उभा राहायचा आणि एका दमात गोष्ट सांगायचा. १ जानेवारी २०२४ रोजी त्याने तो क्रम थांबवला. थकलो आहे, हे त्याने साध्या शब्दांत सांगितलं. हॅना विटन ही लैंगिक शिक्षणावर वर्षानुवर्षं समजूतदारपणे बोलणारी बाई, तिनेही २०२३ संपताना आपलं काम थांबवलं. पोर्ट्समथच्या जोसेफ गॅरेटने, मुलांच्या 'स्टॅम्पी'ने, त्याच डिसेंबरात आपली वर्षानुवर्षांची माइनक्राफ्टची मालिका संपवली. ही माणसं हरून गेली नाहीत, चांगलं काम करून गेली. पण सुट्टी घेऊन परत येण्याची वाट या व्यवसायात अरुंद आहे, हे या क्षेत्रातलं कुणीही सांगेल. दोन महिने व्हिडिओ टाकला नाही तर परतल्यावर प्रेक्षक तिथेच असतील याची खात्री नसते, म्हणून माणूस तापात व्हिडिओ करतो, बाळंतपणात करतो, घरात कुणी गेलं तरी करतो.

घर हेच कामाचं ठिकाण झालं की दाराला कडी लावून उपयोग नसतो. झोएला आणि तिचा जोडीदार अल्फी डेज ब्राइटनला राहायला गेले तेव्हा चाहते घराबाहेर येऊन उभे राहू लागले, खिडक्यांतून डोकावू लागले. कृपा करून घरी येऊ नका, हे त्यांना व्हिडिओत सांगावं लागलं. ज्या खोलीत रडायचं त्याच खोलीत दिवे लावून हसायचं, ही ओढाताण पाहणाऱ्याला दिसत नाही.

याची उलट बाजूही नियमांच्या याच पोकळीतून आली. २०१४च्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या काही व्हिडिओकर्त्यांवर त्यांच्या तरुण चाहत्या मुलींनी गैरवर्तनाचे गंभीर आरोप केले. त्या मुलींनी तक्रार न्यायची कुठे? नाटक कंपनीला व्यवस्थापक असतो, वाहिनीला तक्रार कक्ष असतो. इथे एक मुलगा, एक कॅमेरा आणि लाखभर अल्पवयीन चाहते. शेवटी त्या मुलींना आपली गोष्ट स्वतःच उघड्यावर मांडावी लागली. कामाची जागा म्हणून ज्याची नोंदच नाही तिथे त्रास झालेल्याला उभं राहायला जमीन मिळत नाही.

आता भाचीकडे परत येते. ती चोवीस वर्षांची आहे आणि व्हिडिओ एडिटर आहे. वीस मिनिटांच्या एका व्हिडिओमागे तिचे तीन दिवस जातात. चार तासांचं चित्रण पाहायचं, वेचायचं, विनोद जिथे लागतो तिथे कापायचं, आवाज साफ करायचा, सबटायटल लावायची, आणि शेवटी थंबनेलच्या, म्हणजे व्हिडिओच्या मुखचित्राच्या, पाच तऱ्हा करून द्यायच्या. ठरलेला दर व्हिडिओमागे, तासामागे नाही. करार फोनवरच्या मेसेजांत. गेल्या हिवाळ्यात एका चॅनेलने तिला सांगितलं की व्ह्यूज कमी आले, म्हणून या महिन्याचा दर कमी. काम तेवढंच होतं. नंतर तो कमी केलेला पैसाही तीन महिने आला नाही. तिने मागितला तेव्हा पुढचं काम दुसऱ्याला गेलं. "आत्या, व्ह्यूज माझ्या हातात असते तर मीच यूट्यूबर झाले नसते का?" असं ती मला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र अजून राग आहे.

टीव्हीसाठी हेच काम करणाऱ्यांना निदान 'बेक्टू' नावाची युनियन माहीत आहे, दरांची चर्चा आहे, कुणाला तरी फोन करता येतो. यूट्यूबच्या पडद्यामागचे एडिटर, कॅमेरा धरणारे, संशोधन करणारे बहुतेक पंचविशीच्या आतले आहेत आणि त्यांतल्या कित्येकांना आपण आधी चाहते होतो म्हणून इथे आहोत असं वाटतं. लाडक्या माणसाकडे पैसे मागणं जड जातं. या भावनेवर धंदा चालतो.

२०२१च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांबाबत निकाल दिला. कंपनी म्हणत होती की हे स्वतंत्र व्यावसायिक आहेत, आम्ही फक्त ॲप पुरवतो. न्यायालयाने विचारलं की भाडं कोण ठरवतं, अटी कोण ठरवतं, मानांकनाच्या जोरावर कोण कुणाला बाजूला करतं. आणि चालकांना कामगाराचे हक्क दिले. यूट्यूबर म्हणजे टॅक्सीचालक नव्हे, हे मलाही कळतं. काय करायचं, कधी करायचं, हे तो स्वतः ठरवतो, त्याच्याकडे स्वतःचं नाव असतं, तो दुसरीकडे जाऊ शकतो. म्हणून त्याला कंपनीचा नोकर ठरवा असं मी म्हणत नाही. पण भाव कोण ठरवतं, अटी एकतर्फी कोण बदलतं, हे न्यायालयाचे प्रश्न इथेही तसेच लागू पडतात. चॅनेल बंद करण्याआधी कारण आणि मुदत, निर्णयाविरुद्ध दाद मागितली तर उत्तर देणारा जिवंत माणूस, आणि वाट्याचे नियम बदलण्याआधी या लोकांच्या प्रतिनिधींशी बोलणं, एवढं तरी कायद्याने बांधून घ्यायला हवं.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: नियम वाढले की मोठे टिकतात आणि लहान मरतात. वकील ठेवणं साइडमेनना परवडेल. घरच्या ओट्यावर कॅमेरा लावून कपडे शिवायला शिकवणाऱ्या बाईला परवडणार नाही. हे खरं आहे, आणि म्हणून बंधनाचं ओझं कंपनीवर आणि ठरावीक कमाईच्या वरच्या चॅनेलवर असावं. पीटर ओकलींसारख्या माणसाला कुठलाही परवाना लागता कामा नये. या माध्यमाचं वैभवच ते आहे की दार कुणालाही उघडं होतं.

हे वैभव किती मोठं, ते जमाल एडवर्ड्सने दाखवलं. पश्चिम लंडनमधल्या ॲक्टनच्या या मुलाला पंधराव्या वर्षी नाताळची भेट म्हणून कॅमेरा मिळाला. बागेत येणारे कोल्हे टिपून झाले, मग त्याने आपल्या वस्तीतल्या रॅप करणाऱ्या पोरांकडे कॅमेरा वळवला, कारण टीव्ही त्यांना दाखवत नव्हता. २००६मध्ये त्याने 'एसबीटीव्ही' सुरू केलं. ग्राइम या लंडनी रॅपच्या प्रकाराला त्याने घर दिलं. २०१०मध्ये त्याने एका फारशा माहीत नसलेल्या गायकाला आपल्या चॅनेलवर आणलं, त्याचं नाव एड शीरन. पण यशानंतर जमालने काय केलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. त्याने आपल्या भागातल्या युवा केंद्रांसाठी पैसा आणि माणसं गोळा केली. एकतिसाव्या वर्षी, २०२२च्या फेब्रुवारीत, तो गेला.

युवा केंद्रांचा हा धागा योगायोगाचा नाही. चिकनच्या दुकानात बसून कलाकारांच्या मुलाखती घेणारी अमेलिया डिमोल्डनबर्ग आज ऑस्करच्या रेड कार्पेटवर असते. 'चिकन शॉप डेट'ची कल्पना तिला सुचली ती लंडनमधल्या एका युवा क्लबच्या नियतकालिकासाठी लिहीत असताना. तिथे लिहायला शिकवणारं कुणी होतं, बसायला टेबल होतं, छापायला कागद होता. २०१०नंतरच्या सरकारी काटकसरीत असे शेकडो क्लब ब्रिटनभर बंद झाले. यूट्यूबर होण्यासाठी फक्त फोन लागतो, असं म्हणणाऱ्यांनी हे टेबल मोजलेलं नसतं. ज्याच्या घरात स्वतंत्र खोली आहे, वर्षभर कमाई नसली तरी आईबाप पोसतील, तोच टिकतो. म्हणून युवा क्लब परत उघडणं हेसुद्धा या उद्योगाचंच धोरण आहे, असं मी मानते.

ब्रिटनमधल्या मराठी घरांत डॉक्टर पुष्कळ. केंब्रिजमधून डॉक्टर झालेल्या अली अब्दाल यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ व्हिडिओ करायचं ठरवलं, तेव्हा आमच्या ओळखीतल्या एका घरात आठवडाभर तोच विषय होता. 'एवढं शिकून?' हा प्रश्न. पूर्वी मुलगा नाटक कंपनीत गेला की घरचे असंच विचारत. प्रश्न विचारणाऱ्यांचा मी राग करत नाही. त्यांना मुलाच्या उद्याची भीती वाटते, आणि त्या भीतीला आज तरी आधार आहे. कामाचे हक्क आले तर ती कमी होईल.

आता सर्वांत अवघड भाग. इंग्लंडमध्ये लहान मुलाला नाटकात, मालिकेत, जाहिरातीत काम करायचं असेल तर स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो. तास ठरलेले, विश्रांती ठरलेली, शाळा बुडता कामा नये, सोबत देखरेखीला माणूस. १९६३च्या कायद्यापासून ही चौकट आहे. पण तेच मूल आपल्या घरी आईबापांच्या चॅनेलसाठी रोज सकाळी दात घासताना, वाढदिवसाला, दवाखान्यात, रुसल्यावर चित्रित झालं, तर यातलं काहीही लागू होत नाही. कारण ते घरगुती चित्रण मानलं जातं. त्यावर जाहिरात चालते, त्या पैशावर घराचे हप्ते जातात, तरी ते काम नाही.

पार्लमेंटच्या डिजिटल, संस्कृती, माध्यमे आणि क्रीडा समितीने मे २०२२मध्ये अहवाल दिला आणि हीच फट दाखवली. मुलांचे तास, त्यांची कमाई, त्यांची खाजगी बाजू, यासाठी कायदा करा असं स्पष्ट सुचवलं. अहवालाला तीन वर्षं उलटली तरी तसा कायदा झाला नव्हता. भारतात २०१७च्या नियमांनुसार बालकलाकाराच्या कमाईतला निदान वीस टक्के भाग त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो आणि दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. आपल्याकडेही घरच्या चॅनेलवरच्या मुलापर्यंत हे कितपत पोचतं, हा प्रश्न आहेच, पण निदान तत्त्व लिहिलेलं आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने जुलै २०२४पासून अशा मुलांचा वाटा बाजूला काढणं बंधनकारक केलं.

फ्रान्सने हे सगळ्यांच्या आधी केलं. ऑक्टोबर २०२०च्या कायद्याने सोळा वर्षांखालच्या मुलाचं हे चित्रण ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की ते कायद्याच्या कक्षेत येतं. कमाईचा ठरावीक भाग सार्वजनिक वित्तसंस्थेत मुलाच्या नावाने जमा होतो आणि सज्ञान झाल्यावर त्याला मिळतो. आणखी एक कलम आहे, ते मी दोनदा वाचलं. मूल स्वतः, आईबापांची परवानगी न घेता, आपले व्हिडिओ काढून टाका असं कंपनीला सांगू शकतं. कॅले बंदरात राहणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला आज हे सांगता येतं. समोर, चाळीसएक किलोमीटर पाण्यापलीकडे, डोव्हरमधल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी असं खास कलम नाही; तिला बहुधा आधी आईची समजूत घालावी लागते, आणि कॅमेरा आईच्याच हातात असतो.